न निघालेला मोर्चा

‘चीनमध्ये संतापाचा उद्रेक’ हा मथळा मी नोकरीत असताना तीनदा दिला. मे १९९९, एप्रिल २००५ आणि सप्टेंबर २०१२. तिसऱ्यांदा देताना आधीचे दोन आठवतही नव्हते. निवृत्तीनंतर कात्रणांची फाइल लावायला बसलो तेव्हा तिघे एकाखाली एक आले. बायकोने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “एकच साचा करून ठेवायचा ना, खिळे तरी वाचले असते.”

मी एका मराठी दैनिकात विदेश पानावर उपसंपादक होतो. विदेश पान म्हणजे जाहिरात आली की सगळ्यात आधी कापलं जाणारं पान. एजन्सीची इंग्रजी कॉपी घ्यायची, मराठी करायची, मथळा द्यायचा, डाक आवृत्ती सोडायची आणि मग शहर आवृत्तीसाठी पुन्हा हात फिरवायचा. चीनसाठी आमच्याकडे चार वाक्यं तयार असत. चीन भडकला. चीनने इशारा दिला. चीनने डोळे वटारले. आणि अरुणाचलचं काही निघालं की, चीनने पुन्हा कुरापत काढली. चार क्रियापदांवर चोवीस वर्षं पान निघालं, कोणाची तक्रार आली नाही.

पाचवं क्रियापद मला सापडलं सॅन दिएगोत, २०१५ साली. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं गेलो होतो. बाळंतपणात आजीला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि आजोबा म्हणजे निव्वळ अडगळ. जावई सकाळी कामावर जाताना मला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लायब्ररीशी सोडायचा आणि संध्याकाळी उचलायचा. लायब्ररी कसली, काँक्रीटच्या पंजांवर तोललेली काचेची उडती तबकडीच ती. आत जायला कोणी अडवत नाही, बसायला गुबगुबीत खुर्च्या. चीनच्या कपाटांसमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मात्र लाज वाटली. ज्या देशाबद्दल आपण चोवीस वर्षं रोज चार ओळी लिहिल्या, त्याच्यावर एवढी पुस्तकं आहेत आणि त्यातलं एकही आपण उघडलेलं नाही!

त्या कपाटात ‘पॉवरफुल पेट्रिअट्स’ हे पुस्तक होतं. ऑक्सफर्डने आदल्याच वर्षी काढलेलं. चीनमधली राष्ट्रवादी निदर्शनं हा विषय, म्हणजे माझ्या तीन मथळ्यांचाच. लेखिका जेसिका चेन वाइस, आणि त्यांनी पीएच.डी. केली ती याच विद्यापीठातून, २००८ मध्ये. उभ्याउभ्याच पानं उलटत गेलो. १९८५, १९९०, १९९६, १९९९, २००१, २००५, २०१०, २०१२. यातली निम्मी सालं ओळखीची वाटली. पण १९९० ला तिथे काय झालं होतं? १९९६ ला? २००१ ला? मला काही आठवेना. थोडं वाचल्यावर उलगडा झाला. त्या सालांत काहीच झालं नव्हतं, आणि म्हणूनच ती पुस्तकात होती.

इथे मी खुर्ची ओढून बसलो.

१९९९ ची रात्र मला चांगली आठवते. वाजपेयींचं सरकार एका मताने पडून तीन आठवडे झाले होते, निवडणुकांची हवा होती, कारगिलमध्ये काहीतरी शिजतंय हे अजून कोणाला ठाऊक नव्हतं. युगोस्लाव्हियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, चीनच्या दूतावासावर अमेरिकेच्या पुढाकारातल्या नाटो आघाडीच्या विमानांनी बाँब टाकले, तीन चिनी पत्रकार मेले. त्यातले दोघं नवरा-बायको. अमेरिका म्हणाली, नकाशा जुना होता, आम्हाला युगोस्लाव्हियाच्या लष्करी खरेदीची इमारत पाडायची होती. यावर चीनमध्ये तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही, आणि आजही फारसं कोणी ठेवत नाही. बीजिंगमध्ये अमेरिकी दूतावासासमोर हजारो विद्यार्थी जमले, दगड आणि विटा सुरू झाल्या. राजदूत जेम्स ससर काही दिवस आतच अडकून पडले. फुटक्या काचेच्या दारातून बाहेर बघणाऱ्या त्यांच्या चेहऱ्याचा फोटो जगभर छापून आला, आमच्याकडेही आला, दोन कॉलम. चंगदूमध्ये अमेरिकी वाणिज्यदूताचं निवासस्थान जाळलं गेलं.

एजन्सीच्या कॉपीत एक ओळ होती, विद्यार्थ्यांना विद्यापीठांतून बसमध्ये घालून आणण्यात आल्याची. ती ओळ मी कापली. जागा नव्हती. शिवाय संतापाच्या उद्रेकात बसचं काय काम?

दुसऱ्या दिवशी तेव्हाचे उपाध्यक्ष हू जिंताव टीव्हीवर आले. कायद्याच्या चौकटीतल्या निदर्शनांना सरकारचा पाठिंबा आहे, मात्र मर्यादा ओलांडू नका, असं त्यांच्या भाषणाचं सार. तीही ओळ मी कापली असणार, कारण कात्रणात नाही.

आता दोन वर्षं पुढे या. १ एप्रिल २००१. हायनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान एकमेकांवर आदळलं. चिनी वैमानिक वांग वेई बेपत्ता झाला, पुढे त्याला हुतात्मा घोषित केलं गेलं. अमेरिकी विमान परवानगी न घेता हायनानच्या तळावर उतरलं, चोवीस जणांचा चमू चीनच्या ताब्यात. तसं बघितलं तर हा अपमान १९९९ पेक्षा जवळचा. घटना आपल्या दारात, समोर अमेरिकी सैनिक, गेलेला माणूस तरणाबांड. विद्यार्थी खवळले होतेच. पण दूतावासासमोर कोणी नाही. विद्यापीठांनी मुलांना आवारातच थोपवलं, पोलिसांनी रस्ते सांभाळले. अकरा दिवस हा तिढा चालला आणि त्या अकरा दिवसांत एकही मोर्चा निघाला नाही.

मला त्या प्रकरणातला एकच शब्द आठवतो, कारण त्याने माझी संध्याकाळ खाल्ली होती. अमेरिकेने पत्रात ‘व्हेरी सॉरी’ असं लिहिलं. याला मराठीत काय म्हणायचं? खेद, दिलगिरी, क्षमा, माफी, अशी आपल्याकडे उतरंडच आहे आणि प्रत्येक पायरीला वेगळं राजकारण. मी ‘तीव्र दिलगिरी’ केलं, वृत्तसंपादकांनी ‘खेद’ केला, कारण मथळ्यात तोच बसत होता. चीननेही हेच केलं, फक्त उलट दिशेने. आपल्या जनतेला सांगताना त्यांनी त्या शब्दाला माफीच्या जितकं जवळ नेता येईल तितकं नेलं. अमेरिका म्हणत राहिली की आम्ही माफी मागितलेली नाही. दोघांचंही भागलं.

वाइस यांच्या सगळ्या कामाचा खुंटा हाच. १९९९ मध्ये निघालेला मोर्चा आणि २००१ मध्ये न निघालेला मोर्चा शेजारी ठेवायचे. देश तोच, पक्ष तोच, अध्यक्षही तोच, जियांग झमिन. समोर तीच अमेरिका, आणि मुलांच्या पोटातला रागही साधारण तेवढाच. मग फरक कशाने पडला? जाणकारांची दोन ठरलेली उत्तरं होती. एक म्हणजे, हे सगळं सरकारच घडवून आणतं, कळसूत्री बाहुल्या आहेत. दुसरं, लोकांचा राग इतका अनावर आहे की सरकारलाच त्यामागे फरपटत जावं लागतं. पहिलं खरं असेल तर सरकारला मोर्च्याची भीती वाटायचं कारण नाही. दुसरं खरं असेल तर २००१ चं गप्प राहणं शक्यच नाही. वाइस यांचं म्हणणं असं की राग खराच असतो, पण रस्त्यावर यायचं की नाही हे बरंचसं सरकारच्या हातात असतं, आणि ते ठरवायला सुरुवातीचे एक-दोन दिवसच मिळतात. पहिल्या पन्नास मुलांना वसतिगृहातच बसवून ठेवणं स्वस्त पडतं. पन्नास हजार झाल्यावर तेच काम भलतंच महाग.

यामागचा सिद्धांत मला लायब्ररीत तीन दिवस कळला नाही. कळला तो पुण्यातलं एक लग्न आठवल्यावर. जेम्स फिअरन यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की लोकशाहीतला नेता जाहीर धमकी देऊन मागे हटला तर घरचेच लोक त्याला जाब विचारतात, म्हणून त्याची धमकी समोरच्याला खरी वाटते. मग जिथे मतपेटीच नाही तिथल्या नेत्याने ही पत आणायची कुठून? आता लग्नाची बैठक आठवा. मुलाकडचे म्हणतात, “आमचं काही म्हणणं नाही हो, पण आमच्या मोठ्या आत्याबाई ऐकायच्या नाहीत.” याला वजन कधी येतं? आत्याबाई खरोखर दिवाणखान्यात बसलेल्या असतात तेव्हा. आणि त्या नुसत्या सोंगाच्या असून चालत नाहीत. उद्या चिडल्या तर मुलाच्या बापालाही चारचौघांत सोलून काढतील अशा पाहिजेत. तो धोका बापाने पत्करलाय हे दिसतं, तेव्हा मुलीकडचे नमतात. आणि ज्या घरी सोयरीक जुळवायचीच असते तिथे आत्याबाईंना बैठकीला आणतच नाहीत. त्यांना आदल्या दिवशी गाणगापूरला पाठवतात.

२००१ मध्ये आत्याबाई गाणगापूरला होत्या. चीनला जागतिक व्यापार संघटनेत जायचं होतं, २००८ च्या ऑलिंपिकचा निर्णय तीन महिन्यांवर आला होता, आणि नव्याने आलेल्या बुश सरकारशी पहिल्याच घासाला भांडण नको होतं. १९९० आणि १९९६ ची गोष्ट साधारण तशीच. जपानच्या ताब्यातल्या, पण चीनही हक्क सांगतो त्या सेनकाकू बेटांवर, चीनच्या भाषेत त्यावयूवर, जपानच्या उजव्या गटाने दीपगृह उभारलं. हाँगकाँग आणि तैवान पेटले, पण मुख्य भूमीवर मुलांना विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पडू दिलं नाही. १९९६ मध्ये हाँगकाँगचा एक आंदोलक त्या बेटांजवळच्या समुद्रात बुडून मेला, तरी बीजिंग शांत.

मुलं जी घोषणा देत ती ऐकण्यासारखी आहे. ‘आयक्वो वूत्सुई’, देशप्रेम हा गुन्हा नव्हे. पोलिसांची खरी अडचण इथे आहे. लोकशाही मागणाऱ्याच्या पाठीत काठी घालता येते. देशाचा झेंडा घेऊन जपानला शिव्या देणाऱ्याच्या पाठीत घातली, तर ज्या चार मे १९१९ च्या विद्यार्थी मोर्च्यातून आपला पक्ष जन्मला असं पाठ्यपुस्तकात शिकवलं जातं, त्याच वारशाच्या पाठीत ती बसते. आणि १९८९ चा तियानआनमेन चौक, लोकशाही मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर तिथे झालेला गोळीबार, विसरायला नको. १९९९ च्या मे महिन्यात त्याला दहा वर्षं पुरी व्हायला चारच आठवडे होते. त्यावेळी विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या दारात जाऊ दिलं नसतं, तर ते चौकाकडे वळले असते.

राग खरा असतो का, याबद्दल पीटर हेस ग्रीस या दुसऱ्या अभ्यासकाचं काम मला जास्त आवडतं. मेलेल्या पत्रकारांपैकी ते दोघं नवरा-बायको ‘क्वांगमिंग दैनिका’चे. त्या वृत्तपत्राकडे देशभरातून आलेली शोकपत्रं, कविता, फॅक्स ग्रीस यांनी एकेक करून वाचले आणि त्यातला राग मोजला. त्यांचा निष्कर्ष असा की बस सरकारच्या असतील, पण अश्रू मुलांचे स्वतःचे होते. एजन्सीच्या कॉपीतली बसची ओळ मी कापली त्याऐवजी मथळाच कापायला हवा होता, असं मला मधे वाटू लागलं होतं. ग्रीस वाचल्यावर ते मागे घेतलं. ओळ आणि मथळा दोन्ही हवे होते.

‘चिनी जनतेच्या भावना दुखावल्या’ हे वाक्य तर मराठी उपसंपादकाला भाषांतर न करता येतं. भावना दुखावण्यात आपणही कमी नाही. हे वाक्य चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ने पहिल्यांदा कोणाला उद्देशून वापरलं, ठाऊक आहे? भारताला. १९५९ साली, सीमेच्या वादात. पुढे ते जपान, अमेरिका, व्हॅटिकन आणि कपड्यांच्या ब्रँडपर्यंत सगळ्यांना लागलं, पण बोहनी आपली.

२००५ चं कात्रण मी पुन्हा काढून बघितलं. ९ एप्रिलला बीजिंगमध्ये हजारो लोक जपानविरोधात उतरले. जपानची इतिहासाची पाठ्यपुस्तकं हे एक कारण आणि सुरक्षा परिषदेत कायम जागा मिळवण्याची जपानची खटपट हे दुसरं. इंटरनेटवर त्याविरुद्ध दोन कोटींहून जास्त सह्या. पुढच्या शनिवारी शांघायमध्ये जपानी वाणिज्य दूतावासाच्या काचा गेल्या. आणि नेमक्या त्या दिवसांत चीनचे पंतप्रधान वन जियाबाव कुठे होते? भारतात. बंगळुरूमार्गे दिल्ली, सीमावादाची राजकीय तत्त्वं ठरवणारा करार, मनमोहन सिंगांशी हस्तांदोलन. आमच्या पहिल्या पानावर हसरे वन आणि विदेश पानावर माझा उद्रेक. १२ एप्रिलला दिल्लीतच पत्रकारांनी विचारल्यावर वन यांनी जपानला सुनावलं की आधी इतिहासाकडे नीट बघा. सुरक्षा परिषदेच्या जागेसाठी जपानच्या जोडीने उभे होते जर्मनी, ब्राझील आणि आपण. म्हणजे बीजिंगच्या रस्त्यावर जो दरवाजा ढकलून बंद केला जात होता, त्याच दरवाजाशी आपणही रांगेत होतो. दोन्ही बातम्या एकाच रात्री एकाच टेबलावर होत्या. आम्हा चौघांपैकी कोणालाही त्या जोडाव्याशा वाटल्या नाहीत.

महिनाअखेरीस तिकडे पोलिसांचे मोबाइलवर संदेश आले, काही जणांना उचललं, मोर्चे थांबले. थांबल्याची बातमी आमच्याकडे नाही.

२०१२ चा उद्रेक सगळ्यात मोठा. जपान सरकारने ११ सप्टेंबरला त्याच सेनकाकूंपैकी तीन बेटं खासगी मालकाकडून विकत घेतली आणि चीनमधली कित्येक शहरं पेटली. छिंगदाओत पॅनासॉनिकचा कारखाना फुटला, टोयोटाची शोरूम जळली. शीआनमध्ये स्वतःच्या टोयोटातून चाललेल्या एका चिनी माणसाची कवटी जमावातल्या एकाने फोडली. तो जन्माचा अपंग झाला. त्याचा गुन्हा म्हणजे गाडीचं बोधचिन्ह. १८ सप्टेंबर, मांचुरियावरच्या जपानी आक्रमणाचा स्मृतिदिन, हा कळस. १९ तारखेला दूतावासासमोरचा रस्ता मोकळा, झाडून स्वच्छ. नळ बंद केल्यावर जसं होतं तसं.

आणि इथून पुढे वाइस यांच्या विद्येची पंचाईत झाली. त्यांचं सगळं यंत्र मोर्चा निघाला की नाही यावर चालणारं. शी जिनपिंग यांच्या काळात रस्त्यावरचे मोठे राष्ट्रवादी मोर्चे जवळपास बंदच झाले. २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्रावरच्या हक्काचा आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल चीनविरुद्ध गेला तेव्हा लोक केएफसी या अमेरिकी दुकानांसमोर जमले, त्यावर सरकारी वृत्तपत्रांनीच त्यांना फटकारलं. आता राग निघतो तो फोनवर आणि दुकानात, या ब्रँडचं जाकीट घेऊ नका, त्या नटीला हाकला. ज्वारीवर आयुष्यभर संशोधन केलेल्या माणसाच्या तालुक्यात सगळ्यांनी ऊस लावावा, तसं झालं. त्या मग जनमत चाचण्यांकडे आणि नेत्यांच्या भाषणांच्या परिणामाकडे वळल्या. तिथेही गंमत आहे. हार्वर्डच्या अॅलेस्टर इयन जॉन्स्टन यांनी बीजिंगमधल्या १९९८ ते २०१५ च्या पाहण्या तपासून सांगितलं की चिनी राष्ट्रवाद वाढतोय ही आवई आहे, आणि तरुण तर थोरांपेक्षा कमी कडवे आहेत. वाइस यांनी २०१९ मध्ये वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून बघितल्या. त्यांना परराष्ट्र धोरणाबद्दल लोक बऱ्यापैकी आक्रमक आढळले, आणि तरुण जास्तच. एकाने देशाचा अभिमान विचारला होता, दुसरीने लष्करावर किती खर्च करावा, बेटांसाठी काय करावं असे प्रश्न घेतले होते. प्रश्न बदलला की देश बदलतो. मथळा देणाऱ्याला हे मानवत नाही.

त्यांच्या मांडणीत मला एक खोट दिसते. सरकारला भीती वाटली म्हणून मोर्चा सोडला, की समोरच्याला दाखवायचं म्हणून सोडला, हे बंद दारामागे ठरतं आणि आपल्याला दिसतो तो फक्त रस्ता. रस्त्यावरून मनातलं ओळखायचं, म्हणजे अंदाजच. १९९९ मध्ये मला भीतीच जास्त दिसते, त्या इशारा जास्त बघतात. पण त्या निदान दोन्ही बाजू मांडून दाखवतात, आणि चीनमध्ये जाऊन, आंदोलकांशी आणि अधिकाऱ्यांशी बोलून दाखवतात.

तेच आता अवघड झालंय. हा धंदा कसा आकसत गेला ते बघण्यासारखं आहे. चीनच्या परराष्ट्र खात्याने आपलं दफ्तर २००४ मध्ये अभ्यासकांना उघडलं होतं, दहा वर्षं होण्याच्या आत बहुतेक पुन्हा कुलूपबंद केलं. ट्रम्प सरकारने २०२० मध्ये चीनसाठीची फुलब्राइट शिष्यवृत्ती योजनाच बंद केली. २०१८-१९ मध्ये चीनमध्ये शिकणारी अमेरिकी मुलं अकरा हजारांवर होती, करोनानंतर ती काही शेकड्यांत मोजायची वेळ आली. वाइस स्वतः विद्यार्थिदशेत स्टॅनफर्डमध्ये अमेरिकी आणि चिनी विद्यार्थ्यांना एकत्र आणणारा मंच सुरू करणाऱ्यांपैकी. आज त्या वयाच्या मुलीला असा मंच काढायचा तर आधी दोन्हीकडच्या वकिलांना विचारावं लागेल.

येल, मग कॉर्नेल असं शिकवत त्या ऑगस्ट २०२१ मध्ये वर्षभरासाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या धोरण नियोजन विभागात सल्लागार म्हणून गेल्या. जुलै २०२२ मध्ये बाहेर पडल्या आणि लगेच ‘फॉरेन अफेअर्स’ या नियतकालिकात लेख लिहिला. चीनशी स्पर्धा करण्याच्या नादात अमेरिका स्वतःला काय हवंय हेच विसरत चालली आहे, असा त्याचा रोख. वॉशिंग्टनमध्ये दोन्ही पक्ष एका गोष्टीवर सहमत आहेत आणि ती म्हणजे चीन, अशा वेळी हे लिहिणं म्हणजे वऱ्हाडात उभं राहून मुहूर्त चुकलाय म्हणण्यासारखं. भोळ्या आहात, मवाळ आहात, अशी टीका झाली. २०२४ पासून त्या वॉशिंग्टनमध्येच, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या शाखेत शिकवतात. अमेरिकेतला अनावर राग खरा आहे की कोणी सोडलेला आहे, हा प्रश्न त्यांना तिथे पडत असेल का?

मला पडला तो आपल्याकडे, जून २०२० मध्ये. निवृत्त होतो, टाळेबंदीत घरी होतो, टीव्हीपुढे. १५ जूनच्या रात्री गलवानमध्ये वीस भारतीय जवान गेले. त्याच सोमवारी महाराष्ट्र सरकारने गुंतवणुकीचे करार केले होते, त्यात तीन चिनी कंपन्यांचे साधारण पाच हजार कोटींचे. तळेगावात ग्रेट वॉल मोटर्स मोटारी बनवणार होती. आठवड्याभरात ते करार स्थगित झाले. महिनाअखेरीस एकोणसाठ चिनी अॅपवर बंदी आली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चिनी माळा, चिनी फोन, चिनी मांजा यांच्या याद्या फिरत होत्या, त्यातले निम्मे निरोप चिनी फोनवरून आलेले. मी सवयीने मनात मथळा जुळवला, ‘देशभर संतापाचा उद्रेक’. चौथ्यांदा.

आणि मग वाइस यांचं पुस्तक आठवलं म्हणून पलीकडे काय चाललंय ते शोधलं. पलीकडे काही नव्हतं. किती मेले हा आकडा नाही, शवपेट्या नाहीत, मोर्चा तर नाहीच. बातमी मुद्दाम बारीक ठेवलेली. आठ महिन्यांनी, १९ फेब्रुवारी २०२१ ला, चीनने आपल्या चार मृत सैनिकांची नावं जाहीर केली. आकड्यावर शंका घेणाऱ्या एका ब्लॉगलेखकाला त्याच वर्षी आठ महिन्यांची कैद झाली. लाखो लोक त्याला वाचत होते. गलवानमध्ये जखमी झालेला अधिकारी २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकची मशाल घेऊन धावला, तेव्हा आपण समारंभावर राजनैतिक बहिष्कार टाकला. आठ महिने गप्प बसवलं आणि मग आवाज हवा तेवढा वाढवला. बसवलं. माझं पाचवं क्रियापद.

त्या गप्पपणाचा अर्थ काय होता, हे मी सांगू शकत नाही. भारताशी तेव्हा जास्त वाढवायचं नव्हतं, असं वाइस यांच्या पद्धतीने म्हणता येईल. करोनाच्या गोंधळात लोकांना आणखी एक दुःख द्यायचं नव्हतं, असंही म्हणता येईल. पण पानावर त्याला जागा द्यायला हवी होती, एवढं मी उपसंपादक म्हणून सांगतो. आपल्याकडे असा कान असलेली माणसं होती. पुण्याचे वसंत परांजपे नेहरू आणि माओ यांच्या भेटीत दुभाषे होते. विजय गोखले १९८९ मध्ये तरुण राजनैतिक अधिकारी म्हणून बीजिंगमध्ये होते, पुढे परराष्ट्र सचिव झाले आणि आता पुण्यात बसून चीनवर लिहितात. मी त्यांच्याच गावात नोकरी केली आणि ‘डोळे वटारले’ लिहीत राहिलो.

गेल्या महिन्यात एक खूळ डोक्यात शिरलं. फाइलमध्ये १९९९ नंतर थेट २००५ येतं. २००१ चं कात्रणच नाही. आपण तेव्हा काय छापलं होतं ते बघू म्हणून एका जुन्या ग्रंथालयात गेलो. रजिस्टरमध्ये ‘शोधविषय’ असा रकाना होता, त्यात ‘एप्रिल २००१, चीन’ लिहिलं. शिपायाने बांधीव खंड आणून टेबलावर आपटला, धूळ उडाली. बसलो उलटत. केतन पारेखला अटक, कोठडी, शेअर बाजार. तहलकाची धग अजून होती. विदेश पानावर रोज एकेरी कॉलम, ‘विमानाचा तिढा कायम’. १२ तारखेला तीन कॉलम, ‘अमेरिकेकडून खेद, चमूची सुटका’. माझंच अक्षर असल्यासारखं वाटलं, छापील असूनही. त्याखाली कूलरची जाहिरात. बीजिंगच्या रस्त्यांबद्दल, विद्यापीठांच्या फाटकांबद्दल, एक शब्द नाही. पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितलं, फिलरसुद्धा वाचले. वहीत तारखा लिहून घेतल्या.

साडेपाचला शिपाई खंड न्यायला आला. “सापडलं का काका?”

“नाही,” मी म्हटलं. “बाराही अंक नीट बघितले. कुठेच नाही.”

त्याला माझी दया आली असावी. “मे महिन्याचा काढून ठेवू का उद्याला?”